नाव नसलेली भांडी

धुळे,
ता. ४ जानेवारी १९८८, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे.

ती. अक्का,
जयभीम.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी बसच्या मागच्या भागात उकिडवा बसून प्लायवूडला गिलासाच्या मापाची भोकं पाडत होतो. चोवीस झाली, अठरा राहिली. करवतीने बोट कापलं जाईल असं वाटायला लागलं म्हणून थांबलो.

तुला कळवायचं राहून गेलं, मला आठ दिवसांपूर्वी काम लागलं आहे. इथे आग्रा रोडवर रुपचंदशेठ म्हणून आहेत. त्यांनी एस.टी.ची जुनी गाडी लिलावात घेतली, पिवळा रंग दिला आणि ‘तापीमाई यात्रा कंपनी’ असं नाव टाकलं. यात्रेकरूंना उज्जैन-ओंकारेश्वर फिरवून आणायचं आणि जेवण गाडीतच करून वाढायचं. त्यासाठी मागची बाकं काढून स्वयंपाकघर केलं आहे. मी आत उभा राहून दोन्ही हात पसरले तर पुढची-मागची पत्र्याची भिंत हाताला लागते. एवढ्यात बेचाळीस माणसांची भांडी, दोन स्टोव्ह, पाण्याची टाकी, शिधा आणि स्वयंपाकीणबाई मावल्या पाहिजेत. ती मांडणी लावायचं काम माझं, आणि यात्रेत बाईंच्या हाताखाली राहायचंही माझंच. पगार तीनशे. शेठ म्हणाले, “पहिली खेप नीट झाली तर कायम. नाहीतर रामराम.” दहावीला दोनदा बसून घरी राहिलेल्या माणसाला तीनशे रुपये आजवर कोणी बोललं नव्हतं.

अक्का, घरची मांडणी आणि गाडीची मांडणी यात फार फरक आहे. घरात भांडं फळीवर ठेवलं की ते तिथे राहतं. गाडीत ठेवलं की ते निघायला बघतं. म्हणून गिलासांना भोकं, ताटांना उभ्या खाचा, मध्ये गोणपाटाचे तुकडे, सराट्या-झाऱ्यांना आकडे आणि आकड्यांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे असं करतो आहे. मोठी बगोनी सगळ्यात खाली, चाकाच्या वर.

त्याच बगोन्यांबद्दल विचारायचं होतं. शेठ म्हणाले, बाहेरून भाड्याने आणण्यापेक्षा तुझ्या ओळखीची असतील तर आण, भांड्यामागे रोज तीन रुपये तुला देतो. आईची मोठी पितळी बगोनी तुझ्याकडे आहेत. ती पाठवशील का? पण शक्यतो नाव नसलेली पाठव. कोरलेल्या नावात राख अडकते, घासायला पाणी जास्त लागतं आणि गाडीत पाणी मोजकंच असतं.

उत्तर पोस्टकार्डावर नको, आंतरदेशीय पत्रावर लिही. पत्ता गॅरेजचा आहे. पत्रं छगन ड्रायव्हरच्या हातून येतात आणि त्याचा हात कायम ऑइलचा.

तुझा,
वाल्मीक

---

जळगाव,
९ जानेवारी ८८

चि. वाल्मीक,
जयभीम आणि आशीर्वाद.

तीनशे रुपये दोनदा वाचले. तुझ्या दाजींनाही वाचून दाखवले. ते म्हणाले, आता तरी पोरगा एका जागी टिकू दे. ऑइलच्या भीतीने आंतरदेशीय आणलं आहे, झालं समाधान?

आता भांड्यांचं. नाव नसलेलं भांडं माग म्हणतोस, तू आईच्याच पोटचा ना रे? आपल्या घरात वाटीवरही नाव आहे. तुला दूध पाजायच्या बोंडल्यावरसुद्धा होतं. जत्रेतून चमचा आणला तरी तो आधी नाव घालणाऱ्याकडे जायचा, मग घरी यायचा. अख्खी वस्ती हसायची, “झुंबरबाई, आता पोरांच्या कपाळावर घालून घे.”

आणि राखेचं मला सांगू नकोस. वीस वर्षं मी भांडी घासते.

तुझे दाजी जेवता जेवता म्हणाले, “नाव नसलेलं भांडं कोणाला लागतं? मोडवाल्याला. नाव असलं की तो दहा प्रश्न विचारतो.” मी त्यांना म्हटलं, जेवा गुपचूप, माझा भाऊ तसला नाही. पण मग मलाच शंका आली. गेल्या वर्षी तू पाचोऱ्याला सायकल गहाण टाकलीस ते मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. वाल्मीक, पैशाची अडचण असेल तर सरळ तसं लिही. आईची भांडी मोडीत जाता कामा नयेत.

तरी पाठवते. तिन्ही बगोनी पोत्यात बांधून दाजी मंगळवारी एस.टी.त टाकतील. आत फडक्यात चाळीस रुपये आहेत, ते आधी काढून घे. तिन्हींवर नावं आहेत, ती काही मला पुसता येत नाहीत.

एक ध्यानात ठेव. चौदा फेब्रुवारीला आमच्या गल्लीतल्या लताबाईच्या मुलीचं लग्न आहे. डाळ आईच्याच बगोन्यांत शिजणार, असं मी तिला सांगून बसले आहे. तेराला भांडी जळगावात पाहिजेत.

कोणाच्या हाताखाली आहेस, लोक कसे आहेत, आपलं कोणी आहे का तिथे, काहीच लिहिलं नाहीस.

तुझी अक्का

---

धुळे,
ता. १७ जानेवारी १९८८, सकाळचे साडेसात.

ती. अक्का,
जयभीम.

बगोनी पोचली. चाळीस रुपये मिळाले. ती मोडीत जाणार नाहीत. दाजींनाही सांग.

मांडणी पूर्ण झाली. काल शेठनी गाडी सोनगीरपर्यंत नेऊन आणायला सांगितलं. मी मागे उभा राहिलो. छगन पुढून ओरडला, “वाल्मीक, मी खड्डा दखी दखी गाडी घालस. दखू तुना भांडा काय बोलतंस!” आणि त्याने खरंच एकही खड्डा सोडला नाही. परत येईपर्यंत फक्त एक सराटा वाजला. त्याचा पट्टा सैल होता. छगनने उतरून माझ्या पाठीवर थाप मारली. आता सदऱ्यावर त्याचा पंजा उमटला आहे, तो निघत नाही.

स्वयंपाकीणबाई आल्या. सावद्याच्या द्रौपदाबाई. साठीच्या असतील, लग्नाकार्यात शेकड्यांची पंगत उठवलेल्या. आल्या आल्या म्हणाल्या, “मह्या सराट्याले दुसऱ्यानं हात लावला तं मले चालत नाही बरं, आधीच सांगून ठुते.” मग त्यांनी एकेक आकडा ओढून पाहिला, मिठाचा डबा हाताला कुठे येतो ते पाहिलं, ताटं उपसून परत लावली. शेवटी म्हणाल्या, “आंधयी असती तरी अठी स्वयंपाक केला असता मी.” त्यांचा आवाज मोठा आहे, पण मनाने चांगल्या वाटल्या. मला ‘पोरा’ म्हणतात. काल त्यांनी स्वतःच्या डब्यातली शेव-भाजी मला आग्रहाने वाढली.

तू विचारलंस, आपलं कोणी आहे का. नाही. अक्का, एक गोष्ट सांगायची आहे, पण रागावू नकोस. पहिल्याच दिवशी शेठनी विचारलं, “सोनवणे म्हणजे कुठले?” मी म्हणालो, “पाचोऱ्याचा.” तेच पुढे म्हणाले, “हं, म्हणजे पाटलांतले.” मी त्या वेळी लोखंडी पट्टी मोजत होतो. मी माप वाचलं, “पावणेतीन फूट.” मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आता सगळे तेच धरून चालले आहेत.

तेवीसला पहाटे निघायचं. शिरपूर, सेंधवा, इंदूर, उज्जैन, मग ओंकारेश्वर आणि येताना मुक्ताईनगर. मला रोज स्वप्न पडतं की घाटात सगळे पट्टे एकदम तुटले. परवा एक कानस आणि पॉलिश पेपर घ्यावा लागला. पट्ट्यांच्या कडा फार धारदार होत्या.

तुझा,
वाल्मीक

---

जळगाव,
२० जानेवारी

चि. वाल्मीक,

तू निघायच्या आत हे पत्र मिळावं म्हणून घाईत लिहिते.

‘पावणेतीन फूट’ वाचून आधी हसू आलं. मग पोस्टकार्ड का नको होतं ते कळलं. वरती जयभीम लिहिते ना मी. नाव नसलेली भांडी का हवी होती तेही कळलं. मोडीचा संशय मागे घेतला. दाजींनाही घ्यायला लावला.

तू स्वतःहून जाऊन सांग, असं मी म्हणत नाही. मी इथे दवाखान्यात आयाच्या कामाला लागले तेव्हा चार महिने कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विचारलं त्या दिवशी सांगितलं. त्या दिवसापासून माझा चहाचा कप खिडकीत वेगळा राहतो. काम मात्र राहिलं. प्रत्येकाला राहीलच असं नाही, हे मला कळतं.

पण एक मला समजत नाही. बगोन्यांच्या गळ्याशी तीन ओळी आहेत. वर आईचं नाव, मध्ये पंचशील महिला मंडळ, खाली भीमवाडी, पाचोरा. त्या द्रौपदाबाई दिवसभर ती हाताळणार. त्यांना वाचता येत नसेल, तर बेचाळीस यात्रेकरूंपैकी कोणाला तरी येईलच. मग तू काय करणार आहेस? फडकं गुंडाळणार? मला खरं काय ते लिही.

आणि ते शेव-भाजीचं वाचून मला बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

तुझी अक्का

---

धुळे,
ता. ३० जानेवारी १९८८, सकाळचे आठ.

ती. अक्का,
जयभीम.

तुझं वीस तारखेचं पत्र मला काल गॅरेजात मिळालं. आम्ही निघून गेल्यावर ते आलं होतं. तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. मी फडकं गुंडाळलं नव्हतं. मी नावं घासली.

कानस पट्ट्यांसाठी नव्हती. पंधरा तारखेला बगोनी घेऊन गॅरेजामागे बसलो. मला फक्त खालची ओळ काढायची होती. ती निघाली, पण तिथे पितळ चकचकीत दिसायला लागलं आणि वर नाव काळपट राहिलं. कोणीही पाहिलं असतं तर काहीतरी खोडलं आहे हे लगेच कळलं असतं. म्हणून मधली ओळ घासली. मग आईचं नाव एकटंच वर राहिलं, ते आणखी विचित्र दिसायला लागलं. सगळं सारखं दिसावं म्हणून तेही घासलं. ‘झुं’ फार खोल होता, त्याला वेळ लागला. वरून पॉलिश पेपर मारला. तिन्ही भांड्यांना तसंच केलं. मला वाटलं, नाव नसलेल्या भांड्याबद्दल कोण काय विचारणार?

उज्जैनपर्यंत चांगलं चाललं. सेंधव्याच्या घाटात एक वाटी हलली नाही. लोक मागे येऊन मांडणी बघून जायचे. फैजपूरचे तोताराम नाना म्हणून निवृत्त तलाठी होते, त्यांनी आपल्या बायकोला बोलावून दाखवलं, “शिक जरा, पाच फुटांत हा पोरगा बेचाळीस ताटं ठेवतो.” मला फार बरं वाटलं होतं.

सत्तावीसला ओंकारेश्वरला धर्मशाळेच्या आवारात गाडी लावली होती. डाळ तिसऱ्या बगोन्यात शिजत होती. उरलेली दोन द्रौपदाबाईंनी चिंच लावून स्वतः घासायला घेतली. मी म्हणत होतो, द्या मी घासतो. त्यांचा अंगठा एका जागी थांबला. त्यांनी भांडं उन्हात धरलं.

“पोरा, अठी कोनाचं नाव व्हतं रे?”

“जुनं भांडं आहे मावशी, झिजलं असेल.”

“झिजते तं बूड झिजते. गया कसा झिजन?” त्यांनी दुसरं पाहिलं. मग फडक्याने धरून स्टोव्हवरचं वळवून पाहिलं. तिन्हींना एकाच जागी चट्टा.

अक्का, मला हे आधी सुचायला हवं होतं. आपल्याकडे नाव घासलेलं भांडं म्हणजे चोरीचं भांडं, हे लहान पोराला कळतं. मी महिनाभर एकेका भांड्याचा विचार केला आणि एवढी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

लोक जमले. नाना म्हणाले, “आमच्याकडे एका मंडळाची भंडाऱ्याच्या जेवणाची भांडी गेली. चोर आधी हेच करतात, नाव घासतात.” कोणी म्हणालं, यात्रेत चोरीच्या भांड्यातलं खाल्लं. कोणी म्हणालं, चौकीवर चला. छगन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मोडवालाकडथून लिनात म्हनी सांगी दे ना, येडा!” ते माझ्या जिभेवर आलंच होतं. मोडवाला म्हटलं असतं तर कदाचित निभावलंही असतं.

पण द्रौपदाबाई भांडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्या चट्ट्यावरून हात फिरवत बोलत होत्या, माझ्याशी नाही, आपल्याशीच. “जिचं असन तिनं पोटाले चिमटा घेऊन घेतलं असन. नाव घातलं तं केवढ्या हौशीनं घातलं असन. तिच्या जिवाले काय वाटलं असन?”

मी म्हणालो, “ती माझी आई होती.”

त्यांना कळलं नाही. मग मी तिन्ही ओळी म्हणून दाखवल्या. झुंबरबाई आधार सोनवणे. पंचशील महिला मंडळ. भीमवाडी, पाचोरा.

मग नाना घसा साफ करून म्हणाले, “आमच्या मनात तसं काही नाही, पण यात्रा आहे. बायकामाणसं आहेत.” त्यांच्या बायकोने हातातली वाटी खाली ठेवली. चार दिवस जेवल्या होत्या त्या. कोणी ओरडलं नाही, कोणी हात उगारला नाही, हे मुद्दाम लिहितो, नाहीतर तू काळजी करशील. फक्त मी ज्या बाजूला उभा होतो ती बाजू मोकळी झाली.

द्रौपदाबाई म्हणाल्या, “चोर असता तं बरं व्हतं रे पोरा. चोराले माफ करता येते.” उठल्या आणि बगोन्यातली डाळ त्यांनी स्वतःच जमिनीवर ओतली. बगोनं गरम होतं, त्यांना चटका बसला, पण मी पुढे झालो तेव्हा म्हणाल्या, “लांब.”

मी छगनला सांगितलं, कोणता पट्टा कुठे अडकवायचा, पाण्याच्या टाकीची तोटी कशी आवळायची. मग माझी तीन भांडी पोत्यात घातली. निघताना द्रौपदाबाईंनी चार पोळ्या फडक्यात बांधून आणल्या आणि माझ्या ओंजळीत वरून सोडल्या. मी घेतल्या. खंडव्याला खाल्ल्या. भूक लागली होती.

अक्का, बऱ्हाणपूरहून मिळालेली गाडी जळगाववरून जाते. काल तुझ्या स्टँडवर ती बराच वेळ उभी होती. पोतं माझ्या पायांशी होतं. मी उतरलो नाही.

वाल्मीक

---

जळगाव,
४ फेब्रुवारी ८८

चि. वाल्मीक,

तू स्टँडवर होतास तेव्हा मी घरी होते. पायी किती लांब आहे ते तुला माहीत आहे.

त्या लोकांबद्दल मी काय लिहू? माझा कप अजून खिडकीतच आहे. द्रौपदाबाईंचंही मला नवल वाटलं नाही. पोळ्या बांधून दिल्या आणि वरून सोडल्या, दोन्ही खरं. मला लागलं ते वेगळं आहे.

तू दोन वर्षांचा होतास म्हणून तुला माहीत नाही. आईनेही कधी सांगितलं नाही, मी पाहिलं म्हणून सांगते. काकांच्या लग्नाला तिने बाजारातून भांडी भाड्याने आणली. भांडीवाला म्हणाला, “देतो. पण परत आणाल तेव्हा माझ्यासमोर विस्तवावर धरून द्यायची.” लग्न झालं. दुसऱ्या दिवशी आईने त्याच्या दुकानासमोर गोवऱ्या पेटवल्या आणि एकेक भांडं तापवून ठेवलं. मी तिच्यासोबत होते, गोवऱ्या माझ्या डोक्यावर होत्या. येणारे-जाणारे उभे राहून बघत होते.

त्यानंतर जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडून तिने तीन हंगामांत तीन बगोनी घेतली. नाव घालणाऱ्याने विचारलं, “बाई, नुसतं नाव घालू ना? अक्षराला पैसे पडतात.” ती म्हणाली, “वस्तीचं घाल, गावाचं घाल. ज्याच्या चुलीवर जाईल त्याला कळू दे कुठून आलं.” वस्तीतल्या कोणाकडून तिने कधी भाडं घेतलं नाही.

तेवढं तू ‘सगळं सारखं दिसावं म्हणून’ घासलंस. हे वाचून तुझे दाजी चष्मा काढून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मीही त्या दिवशी चूल पेटवली नाही.

तुझं काम जाईल म्हणून तू घाबरलास, हे मला कळतं. मी काही तुला फार मोठी शहाणी म्हणून लिहीत नाही. पण शेवटी ते नाव तुला सगळ्यांसमोर तोंडाने म्हणावंच लागलं. मग घासून काय मिळालं?

आता नीट ऐक. धुळ्यात परस्पर नवीन नाव घालून आणू नकोस. घासलेल्या जागी पितळ पातळ झालं असेल आणि माझ्यापासून लपवल्यासारखंही होईल. आहेत तशी आण. लताबाई आणि गल्लीतल्या बायकांसमोर ठेव आणि काय झालं ते तूच सांग. मी तुझ्या वतीने बोलणार नाही. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील.

तेराला ये. रागावले आहे, पण ये. शेठने पगार दिला का?

तुझी अक्का

---

धुळे,
ता. १० फेब्रुवारी १९८८, संध्याकाळचे सव्वापाच.

ती. अक्का,
जयभीम.

तुझं पत्र मी एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला अजून उघडलेलं नाही. गोवऱ्यांचं मला खरंच माहीत नव्हतं.

आज शेठनी बोलावलं होतं. मला वाटलं, पगाराचा हिशेब करतील. त्यांनी आधी चहा मागवला, काचेच्याच गिलासात, त्यांच्यासारखाच. म्हणाले, “मला स्वतःला काही नाही बघ. पण तिकीट घेणाऱ्याचं पोट मी कसं बदलू?” मग म्हणाले की तू गेल्यावर मागच्या खोलीचा नुसता उकिरडा झाला, तीन गिलास फुटले, मुक्ताईनगरला जेवण दुपारी चारला मिळालं. वीस तारखेला नवीन खेप निघते. माणसं सगळी शहाद्याकडची, स्वयंपाकीण नवीन, तुला कोणी ओळखत नाही. भांडी कंपनीच्या नावाची नवीन घेतो. पगार साडेतीनशे. “तू खोटं बोलू नकोस,” म्हणाले. “काय सांगायचं ते मी सांगेन. तू मागे जसा गप्प होतास तसा गप्प राहा, बस.”

मी म्हणालो, गाडी बघून येतो. मागे चढलो. पट्टे लोंबत होते. ताटांच्या खाचेत कोणी लोणच्याची बरणी कोंबली होती. माझे हात आपोआप चालायला लागले. बरणी काढली, ताटं लावली, सराटा आकड्याला अडकवला. अक्का, खोटं कशाला लिहू, मला ते काम फार आवडत होतं. आजवर दुसरं कुठलं काम मला असं जमलं नव्हतं. मी खाली बसलो. साडेतीनशेचा विचार केला. गप्पच तर राहायचं आहे, असाही विचार केला.

मग जाऊन शेठना म्हणालो, “काम करतो. पण कोणी विचारलं तर सांगेन.”

“म्हणजे गळ्यात पाटी लावून फिरणार?”

“पाटी नाही. विचारलं तर.”

“अरे, एकाने विचारलं की सगळे विचारतील.”

“मग सगळ्यांना सांगेन.”

ते रागावले नाहीत. पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, “असं जमायचं नाही रे. हुशार पोरगा होतास.” होतास म्हणाले. मी भांड्यांच्या भाड्याची आठवण दिली, तर हसले. “त्या भांड्यांपायी मला लोकांचे हात जोडावे लागले, त्याचं भाडं मागतोस?”

छगन फाटकापर्यंत आला. “येडा शे तू,” म्हणाला. “मन्हा तर भांडा नीट वाजत बी नही आते.” मग त्याने हात पुढे केला. ऑइलचाच होता. मी धरला.

तेराला दुपारच्या एस.टी.ने येतो. बायकांसमोर काय बोलायचं ते मी लिहून पाहिलं आणि फाडून टाकलं. जसं येईल तसं बोलेन. लताबाईंनी त्या बगोन्यांत डाळ शिजवायची नाही असं ठरवलं तर तेही ऐकून घेईन. फक्त तू तिथे उभी राहा. बोलू नकोस, पण उभी राहा.

पगाराचं विचारलंस, म्हणून हिशेब खाली देतो.

खर्च: ओंकारेश्वर ते धुळे गाडीभाडं, अडतीस रुपये. पोत्याचं लगेज, साडेसहा रुपये. कानस आणि पॉलिश पेपर, चौदा रुपये.

देणे: तुझे चाळीस रुपये.

येणे: एकतीस दिवसांचा पगार तीनशे दहा. पैकी दीडशे आज मिळाले. राहिले एकशे साठ, दोन हप्त्यांत देतो म्हणाले आहेत.

येणे: तीन बगोन्यांचं पाच दिवसांचं भाडं, पंचेचाळीस रुपये. हे देणार नाही म्हणाले. मी सोडलेलं नाही. कागदावर लिहून, खाली सही करून, शेठच्या टेबलावर ठेवून आलो आहे: कालकथित झुंबरबाई आधार सोनवणे, पंचशील महिला मंडळ, भीमवाडी, पाचोरा, यांचे येणे, रुपये पंचेचाळीस.

वाल्मीक